सेन्सर भिजत असतील तर मोटार वाइंडिंगवाल्याकडे जा

या दुकानाला पाटी नाही. सावद्याहून फैजपूरकडे निघालं की रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड दिसते. दारात खोललेल्या सबमर्सिबल मोटारी ओळीने उभ्या, जळक्या तांब्याच्या तारेची पोती भिंतीला टेकलेली, आणि आत पाऊल टाकलं की वॉर्निशचा वास नाकात बसतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांना वेगळी खूण सांगायला नको, मोटार जळाली की ते तिथेच नेतात. दुकान चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी जवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मोटारीच्या दुकानाबद्दल मी एवढं लांबलचक लिहायला बसले, कारण आमच्या नववीच्या तीन मुलींचा प्रकल्प ऑगस्टमध्ये जवळजवळ बुडाला होता आणि तो या शेडमध्ये सावरला. खान्देशातल्या ज्या शिक्षकांना मुलांकडून शेतात, नदीकाठी, गच्चीवर सेन्सर लावून घ्यायचे असतील, त्यांना आम्ही घातलेले पैसे आणि पावसाळा पुन्हा घालवायला लागू नये.

आधी प्रकल्प काय होता ते सांगते. डिसेंबर-जानेवारीत थंडी वाढली की आमच्याकडे केळीला चरका बसतो. पानं पिवळी पडतात, पोंगा म्हणजे नवं गुंडाळलेलं पान अडकतो, निसवण लांबते, घड बाहेर यायला धजत नाही. शेतकरी आपापल्या परीने उपाय करतात. कोणी रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडतं, कोणी पहाटे बांधावर ओला पाचोळा पेटवून धूर करतं, बरेच जण बागेच्या कडेने हिरवी नेट लावतात किंवा गजराज गवताची दाट ओळ घेतात. मुलींचा प्रश्न साधा होता. कडेला असा आडोसा असलेल्या बागेत पहाटेची थंडी खरंच कमी असते का, आणि असली तर किती? त्यातल्या एकीच्या वडिलांना यात वेगळाच रस होता. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचं तापमान धरतात, आणि आपल्या बागेत त्या पहाटे किती होतं, यावरून आमच्याकडे चहाच्या टपरीवर दर हिवाळ्यात वाद होतो. त्यांना स्वतःच्या बांधावरचा आकडा पाहायचा होता.

म्हणून पाच खांब ठरवले. प्रत्येक खांबावर एक पेटी, पेटीत ईएसपी३२ बोर्ड म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटासा संगणक, वेळ ठेवणारं छोटं घड्याळ, मेमरी कार्ड, एक १८६५० म्हणतात तो लिथियमचा सेल आणि वर पाच-सहा व्होल्टचा सोलर पॅनल. पेटीतून बाहेर जाणाऱ्या तारेला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या टोपीत बसवलेला. हा सेन्सर मला शाळेसाठी फार आवडतो. उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजतो, उणे १० ते ८५ या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो, आणि प्रत्येकाला कारखान्यातच स्वतःचा ६४ बिटचा क्रमांक मिळालेला असतो, त्यामुळे एकाच तारेवर चार लावले तरी कोण बोलतंय ते कळतं. दोन खांबांवर हवेतली आर्द्रता पाहायला डीएचटी२२ पण लावला. बोर्ड दर दहा मिनिटांनी जागा होतो, वाचन लिहितो, पुन्हा झोपतो.

थंडी नोव्हेंबरनंतर येते, पण आम्ही मुद्दाम जुलैमध्येच खांब उभे केले. पावसाळा काढला तर हिवाळा सहज निघेल, असा हिशेब होता. सेन्सर ऑनलाइन मागवले होते, पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं. पेट्या आयपी ६५ च्या. या आकड्यांचा अर्थ मुलींनी शोधून फळ्यावर लिहिला होता. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, दुसरा ५ म्हणजे कुठल्याही बाजूने पाण्याची धार मारली तरी आतल्या वस्तूला अपाय होत नाही. दुसरा आकडा ७ असता तर एक मीटर पाण्यात अर्धा तास चालली असती. मग आम्ही त्या पेटीला सोल्डरिंगच्या गरम टोकाने भोक पाडलं, तार आत घातली, ग्लू गनचा गोंद आणि वरून बाथरूमला लावतात ते सिलिकॉन भरलं. भोक पाडलं त्या क्षणी पेटीचा ६५ संपला, हे तेव्हा आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांत पाचातल्या तीन पेट्या गेल्या. मेमरी कार्डात तापमानाच्या जागी उणे १२७ अंश. आधी मुली घाबरल्या. सेन्सरशी संपर्क तुटला की प्रोग्रॅम तो आकडा लिहितो, हे नंतर कळलं. कुठे कुठे ८५ पण होतं. सेन्सरला वीज नुकती मिळाली आणि मोजमाप झालेलंच नाही, तर तो ८५ सांगतो. हे दोन आकडे दिसले तर हवामानाचा विचार सोडा आणि सरळ तार बघा.

पेटी उघडली तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. झाकणाचं रबर कोरडं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र मोहरीएवढे थेंब, एकाला एक लागून, जसे कुकरच्या झाकणाला आतून असतात. बोर्डाच्या पिनांवर हिरवट गंज धरलेला. आणि पेटीतून व्हिनेगरचा वास. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, लोणच्यासारखा वास येतोय.” पाणी आत कुठून आलं, हे आम्हाला कोणालाच सांगता येईना.

आप्पांकडे जायचं कारण दुसऱ्या मुलीचा प्रश्न. ती म्हणाली, “आमच्या बोअरमधली मोटार वर्षानुवर्षं पाण्यात बुडालेली असते. तिच्या वायरचा जॉइंट पण पाण्यातच असतो. तो कसा भिजत नाही?” मला उत्तर येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर बसलेले होते.

आप्पांनी पेटी हातात घेतली, नाकाला लावली आणि पहिलं वाक्य बोलले, “हे काचवाल्याचं सिलिकॉन लावलं ना? त्याच्यानं तांबं खराब होतं.” मी घरी येऊन वाचलं तर बरोबर तेच. आंबट वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि बंद पेटीत ते तांब्याला खातं. वास न येणारं, न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन वेगळं मिळतं, थोडं महाग पडतं, पण इलेक्ट्रॉनिक्सला तेच वापरायचं.

मग त्यांनी आमची तार घेतली. सेन्सरला मुळात एक मीटर तार आली होती, ती आम्ही जोड देऊन तीन मीटर केली होती आणि जोडावर काळी पीव्हीसी टेप गुंडाळली होती. आप्पांनी ब्लेडने तारेचं वरचं आवरण जोडापासून पेटीच्या दिशेने उभं चिरलं. जोडापाशी तांबं काळं पडलेलं होतंच, पण चिरत चिरत वीतभर पुढे गेले तरी तांबं काळंच. “पानी वरून नाही आलं म्याडम. तारेतून चढलं. हे बारीक बारीक धागे राहता ना, त्याच्यातून दिव्याच्या वातीसारखं चढते.” मुलींनी केशाकर्षण पाठ केलेलं होतं. दिव्याची वात ऐकल्यावर तिघींनी एकमेकींकडे बघितलं ते मला फार बरं वाटलं.

पण नुसत्या वातीने एवढं पाणी ओढलं जात नाही, हा भाग आम्ही शाळेत परत येऊन काढला. घड्याळाच्या चिपमध्ये पण एक तापमापक असतो, त्याचे आकडे कार्डात होते. पावसाची उघडीप असलेल्या एका दुपारी पेटीच्या आत ५८ अंश. मग अचानक सर आली आणि थोड्याच वेळात २४. केल्व्हिनमध्ये धरलं तर ३३१ वरून २९७, म्हणजे बंद पेटीतल्या हवेचा दाब सुमारे दहाव्या हिश्शाने उतरला. हवेचा पूर्ण दाब साधारण दहा मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर पाणी. म्हणजे बाहेर सर कोसळत असताना आमची पेटी मीटरभर पाण्याच्या जोराने बाहेरचं आत ओढत होती, आणि ओढायला तिला वाट होती ती भिजलेल्या तारेची. आम्ही जितकी घट्ट बंद करत गेलो तितकी ती जास्त जोराने ओढत गेली. हे गणित मी आता दरवर्षी वर्गात घेणार आहे.

याचा उपाय आप्पांना गणिताशिवाय माहीत होता. शेतातल्या स्टार्टरच्या पेट्या ते वर्षानुवर्षं बसवतायत. “पेटीले खालून श्वास पाहिजे,” ते म्हणाले. पेटीच्या तळाला, तळालाच, एक बारीक भोक ठेवायचं आणि त्यावर आतून चहाच्या गाळणीची जाळी चिकटवायची. जाळी मुंग्यांसाठी आणि पालीसाठी. आमच्याकडे पाल शिरून स्टार्टर जळाल्याचं प्रत्येक शेतकरी सांगेल. सगळ्या तारा तळातूनच बाहेर काढायच्या, पीजी ७ ग्लँड म्हणजे तारेभोवती घट्ट आवळणारं बूच लावून, आणि बाहेर आल्यावर तारेला आधी खाली पोट द्यायचं, मग वर न्यायची. तारेवरून ओघळणारं पाणी त्या पोटाच्या खालच्या टोकाला येऊन गळून जातं, पेटीपर्यंत पोचत नाही. ग्लँड दहा-बारा रुपयाला मिळतो. आम्ही गोंदावर त्याहून जास्त खर्च केला होता.

आता जोड. या दुकानात जे शिकायला मिळतं त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, म्हणून जरा सावकाश सांगते.

सेन्सरच्या तारेत तीन वायरी असतात. आप्पांनी त्या तीन वेगवेगळ्या लांबीवर कापल्या, म्हणजे तिन्ही सांधे एकाशेजारी एक न येता पायरीसारखे मागेपुढे पडतात. एक ओला झाला तरी शेजारच्याला भेटत नाही, आणि जोडाला एकाच जागी गाठोडं होत नाही. प्रत्येक टोक काचकागदाने घासून तांबूस लख्ख केलं. पीळ दिला. मग सोल्डर. आम्ही सोल्डर वरून थापत होतो. त्यांनी खालून तापवलं आणि वरून सोल्डर टेकवलं, ते धाग्यांमध्ये मुरत मुरत आवरणाच्या कडेपर्यंत गेलं. “इथं धाग्यात जागाच राहू नाही द्यायची. जागा नाही तर पानी चढीन कुठून?” म्हणजे ज्या वातीने पाणी चढत होतं ती वातच त्यांनी सोल्डरने बुजवून टाकली.

वरून रबर टेप. ही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, काळी, जाडसर, मध्ये पातळ प्लास्टिकची पट्टी असलेली, आणि तिला गोंद नसतो. दुप्पट लांब होईल इतकी ओढायची आणि ओढलेल्या ताणातच गुंडाळायची, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या निम्म्यावर. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मूळ आवरणावर जायला पाहिजे. आवरण आधी घासून खरखरीत करायचं, त्यावर बोटाचं तेल लागू द्यायचं नाही. तासाभराने बघितलं तर टेपचे फेरे दिसत नाहीत, सगळं मिळून एकच रबर होतं. त्यावर साधी पीव्हीसी टेप, ती फक्त उन्हापासून आणि घासण्यापासून वाचवायला. आमची चूक ही की आम्ही फक्त ही शेवटची टेप लावली होती. तिचा गोंद आमच्या उन्हात पाघळतो आणि टेप उलगडते.

मुलींनी प्रत्येकी तीन-तीन जोड केले. पहिले सगळे आप्पांनी कापून टाकले. दुसरे तपासायला त्यांनी बादलीत मीठ घालून पाणी केलं, जोड त्यात बुडवला, तारेची दोन्ही टोकं बाहेर ठेवली आणि मेगर काढला. हँडल फिरवायचा जुना ५०० व्होल्टचा मेगर, आवरणातून वीज गळते का ते दाखवणारा. त्याची एक तार बादलीत, दुसरी तांब्याला. इथे त्यांनी मुलींना थांबवलं आणि सेन्सर आधी सोडवायला लावला; ५०० व्होल्टमध्ये तीन-पाच व्होल्टचा सेन्सर क्षणात मरतो. हे कोणी घरी करणार असेल तर लक्षात ठेवा, मेगर नुसत्या तारेला आणि जोडाला लावायचा, आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. आमचा जुलैमधला एक जोड लावला तर सुई शून्याकडे पडली. मुलीने केलेला नवा लावला, ती हँडल फिरवत राहिली आणि सुई अनंताच्या खुणेवरून हलली नाही. आप्पा म्हणाले, “हा चालला बोअरमध्ये.” ती मुलगी तो जोड अजून कंपासपेटीत ठेवते.

बोर्डावर वॉर्निश देण्याची कल्पनाही त्यांचीच. पेटीला तळाला भोक म्हणजे दमट हवा येणार, दव धरणार. मोटारीच्या वाइंडिंगवर लावतात ते हवेत वाळणारं वॉर्निश पातळ करून बारीक ब्रशने बोर्डाच्या दोन्ही बाजूंना लावलं. यूएसबीची खाच, कार्डाची जागा, पिना आणि अँटेनाचं टोक आधी टेपने झाकलं. मोटारीला वॉर्निश दिल्यावर भट्टीत भाजतात, बोर्डाला अर्थातच नाही. दोन दिवस सावलीत टांगून ठेवले. वासाने डोकं दुखतं, म्हणून हे काम मुलींकडून उघड्यावर करून घेतलं.

इथे माझी एक खरी तक्रार आहे. दुसऱ्या खेपेला मी दोन बोर्ड दुकानात ठेवून आले. आप्पा बाहेरगावी मोटार काढायला गेले होते आणि त्यांच्या कामगाराने बोर्ड सगळाच्या सगळा वॉर्निशमध्ये बुडवला, डीएचटी२२ सकट. त्या सेन्सरच्या जाळीतून हवा आत गेली पाहिजे, तरच आर्द्रता कळते. जाळी बुजली आणि सेन्सर गेला. सव्वादोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू. आप्पांनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत, कारण काय झाकायचं ते लिहून द्यायला हवं होतं. पण तुम्ही गेलात तर काम समोर बसून करून घ्या, ठेवून येऊ नका.

आणखीही काही अडचणी आहेत. त्यांच्याकडचा सोल्डरिंग आयर्न जाड तारांसाठीचा, फार तापणारा. बोर्डावर टेकवला तर तांब्याची पट्टी उचलून येते. आमच्या एका बोर्डाची आलीच. २५ वॅटचा बारीक टोकाचा घरून न्या. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर सही करून देतात, आणि शाळेच्या हिशेबाला ते चालत नाही. विद्यार्थ्यांच्या विज्ञान प्रकल्पांसाठीच्या इन्स्पायर मानकसारख्या योजनेत दहा हजार रुपये मिळाले तरी खर्चाचा कागद लागतोच, तेव्हा सामान बिल देणाऱ्या दुकानातून घ्या आणि इथे फक्त मजुरी द्या. आणि फेब्रुवारी ते मे इकडे फिरकूच नका. त्या महिन्यांत बागा वाचवायला पाणी लागतं, मोटारी धडाधड जळतात, रात्री बारापर्यंत दुकान चालू असतं, आणि मुलांना शिकवायला आप्पांकडे पाच मिनिटंही नसतात. नसावीतच, कोणाची तरी बाग वाळत असते.

मजुरी ऐकाल तर कमी वाटेल. जोडाचे तीस रुपये आणि वॉर्निशचे बोर्डामागे वीस. शिकवण्याचे काही घेतले नाहीत. मुलींना रस्त्याकडेला उभं राहायला लागू नये म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या आत एक बाक आणून टाकला होता.

सेल आणि पॅनलबद्दल मात्र त्यांचा सल्ला घेऊ नका, तो त्यांचा विषय नाही. लिथियमचा सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा तिथे पोचतो. आम्ही सेलची वेगळी डबी करून पॅनलच्या सावलीत, पेटीच्या खाली टांगली. हिवाळ्याच्या प्रकल्पाला हे लागलं नाही, पण खांब उन्हाळाभर ठेवायचे असतील तर आधीच करा.

सेन्सर उन्हात नुसता टांगला तर तो हवेचं तापमान सांगत नाही, स्टीलच्या टोपीचं सांगतो. हवामान खात्याच्या केंद्रात पांढरी, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते ती यासाठीच. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृह बांधणाऱ्या अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. आम्ही भांड्यांच्या दुकानातून कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बश्या आणल्या, सहा-सहा बश्या उलट्या करून लांब स्क्रूवर बोटभर अंतराने ओवल्या, वरची सोडून बाकीच्यांना मधे भोक पाडलं आणि सेन्सर आत लोंबता ठेवला. जमिनीपासून सव्वा मीटरवर. बश्या स्वस्त आणि उत्तम. फक्त पांढऱ्याच घ्या.

जमिनीतल्या ओलीसाठी कपॅसिटिव्ह म्हणतात ते सेन्सर पण दोन आणले होते. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. ज्या भागात चिप्स असतात तो वरचा भाग उघडाच असतो, आणि पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी मुरतं. कडांना वॉर्निश आणि वरच्या भागाला इपॉक्सी दिल्यावर ते टिकले. पण तापीकाठची काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सर आणि मातीमध्ये फट पडते, आणि मग तो मातीऐवजी हवा मोजतो. ठिबकच्या नळीजवळ, कायम ओल असलेल्या जागी ठीक. उघड्या वावरात आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

खांब पुन्हा उभे करण्याआधी सगळे सेन्सर बर्फात तपासले. बर्फ बारीक कुटायचा, थर्मासमध्ये भरायचा, फटींत बसेल एवढंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. ते मिश्रण शून्यावर असतं. सातातले दोन सेन्सर अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकीचे निघाले. ते बाजूला केले, बाकीच्या पाचांची चूक वहीत लिहून ठेवली आणि प्रत्येक आकड्यातून वजा केली. या सेन्सरच्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यामुळे ‘अर्ध्या अंशाच्या आत’ हे वाक्य पाकिटावर वाचून सोडू नये.

जानेवारीतल्या एका पहाटे, साडेपाचच्या सुमाराला, आडोसा नसलेल्या बांधावरच्या खांबाने ८.६ लिहिलं आणि नेट-गवताच्या आतल्या खांबाने १०.१. मुली उड्या मारायला लागल्या. मी विचारलं, यातला सेन्सरचा किती आणि बागेचा किती? त्यांनी बर्फाची वही उघडली, दोन्ही सेन्सरची चूक वजा केली, आणि फरक एक अंशाच्या वरच राहिला. मग तिसरा प्रश्न त्यांच्यातूनच आला, की एका पहाटेवरून सांगायचं का? त्यांनी दोन्ही खांबांवरचे सेन्सर अदलाबदल केले आणि पुढच्या रात्री पुन्हा मोजल्या. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबर ते जानेवारी पाचही पेट्यांत एकदाही उणे १२७ आलं नाही. डिसेंबरमध्ये एक अवकाळी सर झाली, त्या रात्री दव पण भरपूर पडलं; सकाळी पेट्या उघडल्या तर झाकणाच्या आत एक थेंब नव्हता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक जोड आम्ही मुद्दाम कापला. आप्पांसमोरच, त्यांच्याच ब्लेडने. आतलं तांबं ऑक्टोबरमध्ये घासलं तेव्हा होतं तसंच तांबूस होतं. आप्पांनी ते उजेडात धरून पाहिलं, मुलींकडे दिलं आणि परत मोटारीकडे वळले, कारण मागे तीन गिऱ्हाईकं उभी होती.

जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबरमध्ये जा, दुपारी तीननंतर. रबर टेप, न्यूट्रल सिलिकॉन, ग्लँड आणि बारीक सोल्डर स्वतःचं न्या. मुलांना सोबत न्या आणि जोड त्यांनाच करू द्या. पहिला जोड आप्पा कापून टाकतील, म्हणून तार वीतभर जास्त ठेवा.